भिंतीवरची जेवणारी

बेनामिरा गावात ईस्टर जवळ आला की बायकांच्या अंगात चुना संचारतो. नवरा अंथरुणाला खिळलेला असो नाहीतर गाढवीण विणार असो, घराच्या भिंती पांढऱ्या झाल्याच पाहिजेत. एखादीची भिंत राहिली तर तिच्या तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण झऱ्यावर पाणी भरताना विषय निघतो आणि पुढच्या ईस्टरपर्यंत मिटत नाही. भिंतीला ओल आली, लाव चुना. घरात कोणी तापानं गेलं, लाव चुना. एका घरातली मुलगी पाद्रीबुवांच्या पुतण्याबरोबर पळून गेली, तर तिच्या आईनं आधी तिच्या खोलीला चुन्याचे दोन हात दिले आणि मगच रडायला बसली. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

या सगळ्या चुनावेड्या बायकांत पहिला नंबर एनग्रासियाचा. ही विधवा बाई, पन्नाशी उलटलेली, गावाच्या वरच्या अंगाला राहायची. एक लग्नाची मुलगी, चार कोंबड्या आणि एक थोरला भाऊ, एवढा तिचा पसारा. त्यातला भाऊ सगळ्यात जड.

हा भाऊ, दोन क्रिसान्तो, उमेदीत माद्रिदला गेला होता. स्पेनमध्ये मानाच्या पुरुषाच्या नावाआधी ‘दोन’ लावतात आणि बाईच्या नावाआधी ‘दोन्या’. तिथं सरदार-दरकदारांच्या तसबिरी काढून तो मोठा झाला, आणि म्हातारपणी रंगांची एक पेटी, जुना खोकला आणि न संपणारी थट्टा घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. न्हाव्याच्या दुकानात तो शिरला की वस्तरे थांबायचे, कारण हसणाऱ्या माणसाची दाढी करणं धोक्याचं. प्रार्थनेच्या वेळी तो घंटा वाजवणाऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजायचा आणि घंटा एकदोनदा जास्तच वाजायची. कोंबड्यांना लॅटिनमध्ये गाणं ऐकवलं की त्या जास्त अंडी घालतात, असं त्यानं एकदा बहिणीला गंभीर तोंडानं सांगितलं होतं. एनग्रासियानं आठवडाभर खुराड्यासमोर उभं राहून चर्चमधली गाणी म्हटली. शेवटी शेजारीण कुंपणावरून विचारायला लागली, तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

तर असा हा हसरा माणूस. आणि जेवणघराच्या लांब भिंतीवर त्यानं काय काढून ठेवलं होतं, ते बघितलं की जेवण घशाखाली उतरत नसे.

सगळी भिंत काळी. त्या काळोखात एक लांब टेबल, आणि टेबलाशी डोक्यावरून रुमाल पुढे ओढलेली एक जाडजूड बाई रस्सा पीत बसलेली. चमचा तोंडाशी. तिच्या मागे आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, गाल बसलेली, तोंडं उघडी, एकमेकांच्या अंगावर रेलून त्या वाडग्याकडे बघणारी. ओरडताहेत की नुसती श्वास घेताहेत, कळत नव्हतं. टेबलाच्या पार टोकाला बुटक्या स्टुलावर एक लहान मुलगी बसलेली होती, ती मात्र पाठमोरी. आणि यातला खरा वात्रटपणा असा, की ती सगळी उपाशी तोंडं बेनामिरा गावातलीच होती. पाववाला होता, घंटा वाजवणारा होता, सुईण होती. दोन क्रिसान्तो दिवसा ज्यांच्याबरोबर हसायचा, त्यांनाच घरी आणून भिंतीवर उपाशी ठेवायचा.

एनग्रासियानं एकदाच विचारलं होतं, हे काय आहे म्हणून. तो म्हणाला, माद्रिदला सगळ्या कुरूप माणसांना देखणं करून ठेवलं, आता हिशेब बरोबर करतोय. त्यानंतर तिनं विचारलं नाही. ती भिंतीकडे पाठ करून जेवायला लागली, आणि घरात आलेल्या माणसाला स्वयंपाकघरातच बसवायला लागली.

पण आता तसं भागणार नव्हतं. तिच्या कासिल्दाला मागणी घालायला माणसं येणार होती.

कासिल्दाचं वय गावाच्या मतानं निघून चाललं होतं. तेलघाणीवाल्यांचा फेर्मीन गेली काही वर्षं रोज संध्याकाळी तिच्या खिडकीचे गज धरून बाहेर उभा राहायचा. गज झिजले पण आईसमोर तोंड उघडायची त्याची हिंमत होत नव्हती. शेवटी कासिल्दानंच त्याला सांगितलं की या ईस्टरला तू बोलला नाहीस तर मी खिडकी विटांनी बुजवून घेते. तो बोलला. त्याची आई दोन्या ब्रीहिदा, तेलघाणीची मालकीण, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी जेवायला येऊन रीतसर मागणी घालायला कबूल झाली. ही बाई मोठी मानी. थोरल्या मुलासाठी बघितलेली मुलगी तिनं केवळ त्यांच्या घरी रश्शात केस निघाला म्हणून नाकारली होती. कासिल्दाला फेर्मीनशिवाय कोणी नको होतं आणि फेर्मीनशिवाय कोणी येणारही नव्हतं. हे मोडलं तर मुलगी जन्मभर आईजवळ कोंबड्यांना दाणे टाकत बसणार, हे एनग्रासियाला दिसत होतं.

आणि भिंतीवरची ती रस्सा पिणारी जाड बाई, तिची हनुवटी, तिचा तो तोरा, सगळं हुबेहूब दोन्या ब्रीहिदाचं होतं. निदान एनग्रासियाला तरी तसंच वाटत होतं.

भाऊ भांडेल म्हणून ती कंबर कसूनच त्याच्यापुढे उभी राहिली. म्हणाली, भिंतीला चुना लावणार आहे. दोन क्रिसान्तोनं भिंतीकडे बघितलं, मग भाचीकडे, आणि मान हलवली.

"लाव," तो म्हणाला. "पण आधी भिंतीला लसूण घास. चांगला ठेचून, सगळीकडे. खाली तेलाचा रंग आहे, त्यावर नुसता चुना धरायचा नाही."

"भिंत रंगवायची आहे मला. फोडणीला नाही टाकायची."

"अगं, खरंच सांगतोय. माद्रिदला आम्ही असंच करायचो."

"कोंबड्यांना लॅटिन ऐकवलंय मी, क्रिसान्तो. आता लसूण नाही."

त्यानं तीनतीनदा सांगितलं. पण जन्मभर थापा मारलेल्या माणसाचं खरं बोलणं ओळखायचं कसं? शिवाय एवढी मोठी भिंत घासायला घरातला सगळा लसूण गेला असता, आणि पाहुण्यांचं कोकरू लसणाशिवाय शिजवायचं म्हणजे लग्न स्वतःच्याच हातानं मोडण्यासारखं. एनग्रासियानं लांब बांबूला कुंचला बांधला आणि शुभ शुक्रवारच्या आत भिंतीला चांगले जाड हात दिले. उपाशी माणसं एकेक करून चुन्याखाली गेली. शेवटची ती पाठमोरी पोर. तिच्यावर कुंचला फिरवताना दोन क्रिसान्तो खोलीतून उठून गेला, हे एनग्रासियाच्या लक्षात आलं, पण तिला वाटलं चुन्यानं खोकला वाढला असेल.

सोमवारी दुपारी दोन्या ब्रीहिदा आली. काळा रेशमी झगा, खांद्यावर शाल, मागे ओल्या केसांचा भांग पाडलेला फेर्मीन. भिंत दुधासारखी पांढरी होती. डोंगरातली थंडी अजून सरली नव्हती, आणि चुना नीट वाळावा म्हणून एनग्रासियानं टेबलाखाली शेगडी दिवसरात्र पेटती ठेवली होती. खोलीत छान ऊब होती. पाहुणीला मानाची जागा दिली, ती नेमकी भिंतीशी.

हरभऱ्याचा रस्सा वाढून होतो न होतो तोच पहिला पोपडा पडला. बोटाच्या नखाएवढा, फेर्मीनच्या वाडग्यात. फेर्मीननं तो बघितला, कासिल्दाकडे बघितलं, आणि प्रेमापोटी गिळून टाकला.

एनग्रासियानं मान वर केली. दोन्या ब्रीहिदाच्या डोक्यावर हातभर अंतरावर भिंतीतून एक डोळा बघत होता.

शेगडीच्या उबेनं चुना ताणला गेला होता आणि तेलाच्या रंगावरून सुटत चालला होता. डोळ्याशेजारी एक नाक आलं. मग सुईणीचं उघडं तोंड. पाहुणी रस्सा पीत होती आणि तिच्या पाठीशी, तिच्या नकळत, सगळं गाव भुकेलं होऊन गोळा होत होतं. तिनं मागे वळून बघू नये एवढंच आता हातात होतं. एनग्रासियानं भावाकडे बघितलं. त्याला भिंत केव्हाच दिसली होती.

मग दोन क्रिसान्तो कामाला लागला, आणि त्याच्या जन्मात त्यानं कोणासाठी एवढी मेहनत घेतली नसेल. पाहुणीची नजर आपल्यावरून हलू नये म्हणून त्यानं माद्रिदचे किस्से काढले. दाढीला रंग लावून तसबिरीला बसलेला आणि घामानं हिरवा झालेला सरदार काढला. आपल्यापेक्षा आपला पोपट मोठा काढ म्हणून हट्ट धरणारी सरदारीण काढली. तिचा आवाज, तिची मान, तिचा पोपट, सगळं करून दाखवलं. दोन्या ब्रीहिदा आधी गालात हसली, मग तोंडाला रुमाल लावून, मग रुमाल पडला तरी हसतच राहिली. फेर्मीननं जन्मात आईला असं हसताना बघितलं नव्हतं, तो घाबरून चमचा धरून बसला. कासिल्दा आईकडे बघून डोळ्यांनी म्हणत होती की वाचलो.

इथंच घात झाला. पोपटानं सरदारणीच्या नवऱ्याचं गुपित पाद्र्यासमोर फोडलं, आणि दोन्या ब्रीहिदानं हसून मागे अंग टाकलं ते खुर्चीसकट. पाठ धाडकन भिंतीवर आदळली. एक क्षण काही झालं नाही. मग चुन्याचा अख्खा पापुद्रा वरपासून खालपर्यंत सुटला आणि तिच्या डोक्यावर, शालीवर, रश्शात आला.

हळूहळू धुरळा खाली बसला. दोन्या ब्रीहिदा पांढरीफटक होऊन बसली होती. मग ती उठली आणि वळून भिंतीकडे बघायला लागली. एनग्रासियानं स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरली. आतून आणलेलं कोकराचं भांडं तिच्या दुसऱ्या हातात होतं.

दोन्या ब्रीहिदा बराच वेळ त्या चमचा धरलेल्या बाईसमोर उभी राहिली. तिची हनुवटी आणि भिंतीवरची हनुवटी समोरासमोर आल्या होत्या.

"अगं एनग्रासिया," ती म्हणाली, "ही तर तू आहेस."

फेर्मीन हळूच म्हणाला की मला तर ही वकिलीणबाईंसारखी वाटते. आई म्हणाली, तुला काय कळतंय, हनुवटी बघ की, एनग्रासियाच्या घराण्याची आहे, तिच्या बापाची असलीच होती. आणि मग बाईला चेवच चढला. अंगावरचा चुना झटकायचं सोडून ती भिंतीच्या कडेनं चालत एकेकाला ओळखायला लागली. हा पाववाला, बघा कसा लबाड आहे, पिठात माती घालतो ना, बरं झालं. ही सुईण. ही माझी जाऊ, देवाशपथ, हिचे असेच बटबटीत डोळे आहेत. स्वतःची जाऊ उपाशी बघून तिला एवढा आनंद झाला की तिनं दोन क्रिसान्तोच्या खांद्यावर थाप मारली. मागणी मोडायची तर राहिलीच, तिला घरी जायचीही आठवण राहिली नव्हती. कासिल्दा खाली मान घालून हसू दाबत होती.

तशीच ती टेबलाच्या टोकापर्यंत पोचली.

"आणि ही पाठमोरी पोर कोणाची? हिला तोंड का नाही काढलं?"

सगळे दोन क्रिसान्तोकडे बघायला लागले. आता तो काहीतरी बोलेल आणि आपण हसू, अशी सवय होती सगळ्यांना.

"माझी," तो म्हणाला. "लुसिया. दुष्काळाच्या साली गेली, माद्रिदला."

"मग तोंड?"

"येत नाही मला. माद्रिदमधल्या एकेका सरदाराच्या कुत्र्याचं चित्र काढलं मी. पोरीचं सावकाश काढू म्हटलं, ती काय घरातच आहे. आता डोळे मिटले की सगळं गाव दिसतं, तीच दिसत नाही. म्हणून बाकीच्यांची तोंडं काढत बसतो. वाटतं, एखाद्यात सापडेल."

एनग्रासियाला भावाची एवढी दया आली, आणि दोन वर्षं पाठ करून जेवल्याची एवढी लाज वाटली, की हातातलं भांडं तिनं जमिनीवरच ठेवलं. ती माद्रिदला आयुष्यात एकदाच गेली होती, खेचरवाल्यांबरोबर, नवरा जिवंत असताना. तेव्हा पोर चालायला लागली होती.

"कान," ती म्हणाली.

"काय?"

"कान तुझे होते तिला. बाहेर आलेले, सुपासारखे. टोपीत मावत नव्हते. मी तुझ्या बायकोला म्हटलं होतं, वाऱ्याच्या दिवशी हिला बाहेर काढू नकोस, उडून जाईल."

दोन क्रिसान्तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

"उजवा," तो म्हणाला. "उजवा जास्त बाहेर होता."

दोन्या ब्रीहिदानं शालीच्या पांढऱ्या टोकानं नाक पुसलं, आणि ते आणखी पांढरं झालं. मग ती खुर्ची सरळ करून बसली आणि म्हणाली की कोकरू थंड होतंय, आणि मी ज्या कामाला आलेय ते तर अजून बोललेच नाही. तिनं मागणी घातली. फेर्मीनला इतका आनंद झाला की त्यानं चुना पडलेला सगळा रस्सा संपवला.

पाहुणे गेल्यावर एनग्रासिया पोपडे झाडायला लागली. मुलीचं ठरलं याचा आनंद एकीकडे होताच, पण दुसरीकडे राग उफाळून आला. भावाला म्हणाली, म्हणजे एवढ्या उपाशी माणसांसमोर चमचा घेऊन बसलेली ती मी होय? माझ्या घरी राहून, माझं खाऊन?

"तू नाहीस," तो म्हणाला.

"मग ब्रीहिदा?"

"नीट बघ, ग्रासिया."

ती पहिल्यांदाच ती भिंत नीट निरखत उभी राहिली. हनुवटी त्यांच्या बापाची होती, म्हणजे तिची होती, म्हणजे दोघांची होती. आणि चमचा धरलेल्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडून मोडलेली भावाची ती करंगळी तिनं स्वतः फडक्यानं बांधली होती. रुमालाखाली बाई नव्हतीच.

"फ्रेंचांनी माद्रिद घेतलं होतं त्या साली, त्यांच्या एका सेनापतीची तसबीर काढत होतो," दोन क्रिसान्तो बोलायला लागला. "जेवणाच्या बदल्यात. माद्रिदमध्ये माणसं रस्त्यावर मरून पडत होती, आणि मला रोज त्याच्या टेबलावर जागा होती. पाव असला की मी खिशात घालून पोरीला आणायचो. मांस असलं तर बाहीत. त्या दिवशी मसुरीचा रस्सा होता. रस्सा खिशात घालता येत नाही, ग्रासिया. म्हणून मी तो पिऊन टाकला. वर आणखी एक वाडगा मागितला, चांगला होता म्हणून. घरी आलो तेव्हा ती स्टुलावर बसली होती, अशीच, दाराकडे पाठ करून. मला वाटलं रुसली."

एनग्रासियाला खूप बोलायचं होतं आणि तिला एकच गोष्ट येत होती.

"लसूण घासते," ती म्हणाली. "नीट घासते या वेळी, सगळीकडे. मग चुना लावते. परत कधी वर येणार नाही."

तो नको म्हणाला. फक्त उद्या पाहुण्यांचा उरलेला लसूण मला भाकरीवर घालून दे, असं म्हणाला. तिनं दिला.

कासिल्दाचं लग्न उन्हाळ्यात झालं. ब्रीहिदानं गावभर एवढा गाजावाजा केला होता की वऱ्हाडातले निम्मे लोक नवरीऐवजी भिंत बघायला आले. पाववाल्याला वाटलं तो लबाड चेहरा खाटकाचा आहे. खाटकाला वाटलं तो घंटावाल्याचा आहे. सुईणीनं स्वतःला ओळखलं नाही, पण आजूबाजूच्या सगळ्यांची कीव केली. टोकाच्या पाठमोऱ्या पोरीला आता दोन कान होते, उजवा जरा जास्तच बाहेर, आणि लहान मुलं तिच्याजवळ जाऊन आपापले कान ओढून बघत होती.

ब्रीहिदा यजमानिणीच्या थाटात चमचेवालीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना बोलावून म्हणाली, "आणि ही हावरट कोण, ओळखा बघू."

गावानं हनुवटीकडे बघितलं, मग एनग्रासियाकडे, आणि हसू फुटायला लागलं. खोलीच्या पलीकडच्या टोकाला दोन क्रिसान्तो वाईनचा पेला हातात धरून उभा होता. त्यानं पेला खाली ठेवला. तो आता सगळ्यांसमोर बोलणार, हे बहिणीनं ओळखलं.

"मीच आहे की," एनग्रासिया मोठ्यांदा म्हणाली. "भूक लागली होती मला. तुमच्यासाठी थांबायचं होतं का?"

सगळं घर हसायला लागलं. गावातला सगळ्यात थट्टेखोर माणूस तेवढा हसला नाही.